विज्ञान शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवत नाही, मग आपण का ठेवायचा?

डिसेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ३८ शास्त्रज्ञांनी मिळून एक इशारा दिला. विषय होता ‘आरशातले जिवाणू’. नाव गमतीशीर आहे, प्रकरण तसं नाही.

आपले दोन्ही हात दिसायला सारखेच, पण डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही. रेणूंचंही असंच असतं. पृथ्वीवरच्या सजीवांची प्रथिनं ‘डावखुऱ्या’ अमिनो आम्लांपासून बनतात, आणि डीएनएमधली साखर ‘उजवी’ असते. हे सगळं उलटं करून, आरशातल्या प्रतिबिंबासारखा जिवाणू बनवता येईल का, या दिशेने काही प्रयोगशाळांत काम सुरू झालं होतं. असा अख्खा जिवाणू तयार व्हायला निदान दहा वर्षं लागतील, असा या ३८ जणांचा अंदाज आहे. पण तो बनला आणि बाहेर सुटला, तर माणसं, प्राणी आणि झाडं यांच्या रोगप्रतिकार यंत्रणेला तो कदाचित ओळखूच येणार नाही. आपल्या शरीराची कुलपं एका बाजूच्या किल्ल्यांसाठी घडलेली, आणि समोर येणार आरशातली उलटी किल्ली.

इशारा देणाऱ्यांत जीवशास्त्रज्ञ केट अडामाला होत्या. त्यांची स्वतःची प्रयोगशाळा याच वाटेवर होती. धोका लक्षात आल्यावर त्यांनी ते काम सोडून दिलं.

ही बातमी वाचून दोन प्रकारची माणसं दोन गोष्टी म्हणतात. पहिला म्हणतो, “बघा, शास्त्रज्ञांना आपली जबाबदारी कळते. उगाच सरकारी लोकांना मध्ये आणू नका.” दुसरा म्हणतो, “यांनी सोडलं, ठीक. पण ज्याला सोडायचं नाही त्याचं काय?” वाद मग ‘शास्त्रज्ञ चांगले की वाईट’ यावर जातो आणि तिथेच रुतून बसतो. माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा आहे. का, ते पायरीपायरीने पाहू.

नियमन म्हणजे नेमकं कोण काय विचारतं?

नियमन म्हटलं की डोळ्यांसमोर शिक्के आणि फायली येतात. प्रत्यक्षात ते बरंचसं प्रश्न विचारण्याचं काम असतं.

माणसांवर प्रयोग करायचा असेल, तर त्याचा आराखडा आधी नीतिसमितीपुढे ठेवावा लागतो. या समितीत डॉक्टर आणि संशोधक असतात, पण विज्ञानाबाहेरची आणि त्या संस्थेबाहेरचीही माणसं असावीत अशी अपेक्षा असते. ती विचारतात: धोका किती, फायदा कोणाला, आणि ज्याच्यावर प्रयोग होणार त्याला हे सगळं त्याच्या भाषेत सांगितलं आहे का? समजून-उमजून होकार देणं आणि मनात येईल तेव्हा बाहेर पडता येणं, याला संमती म्हणतात. याशिवाय औषधांसाठी सरकारी नियामक असतो, अनुदान देणाऱ्यांच्या अटी असतात, आणि निबंध छापणारी नियतकालिकंही आता कागदपत्रं मागतात.

शब्द एवढेच पुरेत.

गोळी कोणती, हे डॉक्टरलाही सांगत नाहीत

समजा, डोकेदुखीवर नवी गोळी आली आहे. दोनशे जणांपैकी शंभर जणांना ती दिली आणि उरलेल्या शंभरांना अगदी तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. आपल्याला कोणती मिळाली हे रुग्णांना सांगत नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं. खरी गंमत पुढे आहे. तपासणाऱ्या डॉक्टरलाही ते सांगत नाहीत. डब्यांवर नुसते क्रमांक असतात आणि त्या क्रमांकांची यादी तिसऱ्याच कोणाकडे बंद असते. याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात.

डॉक्टर खोटारडे असतात म्हणून ही व्यवस्था आहे का? मुळीच नाही. “आज कसं वाटतंय?” हा साधा प्रश्न घ्या. समोरच्याने खरं औषध घेतलं आहे हे माहीत असेल, तर विचारताना डॉक्टरच्या आवाजात नकळत आशा उतरते. रुग्णही भिडस्त असतो. “थोडं बरं वाटतंय,” म्हणतो. वहीत लिहिताना त्यातलं ‘थोडं’ गळून पडतं. कोणीही खोटं बोललेलं नसतं, निकाल मात्र खोटा होऊन बसतो.

म्हणजे विज्ञानच शास्त्रज्ञावर विश्वास ठेवत नाही. तुमचा निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासला जातो, तुमचा निबंध अनोळखी माणसं वाचून त्यात खोट काढतात. याचा कोणाला अपमान वाटत नाही. उलट अशी तपासणी नाकारणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहतात.

या अविश्वासाचा फायदा किती होतो, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. हृदयविकारावरच्या औषधांच्या आणि पूरक आहाराच्या मोठ्या चाचण्यांना अमेरिकेतली एक सरकारी संस्था पैसे देते. अशा ५५ चाचण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २००० च्या आधीच्या ३० चाचण्यांपैकी १७ मध्ये उपचाराचा फायदा दिसला होता. त्यानंतरच्या २५ पैकी फक्त दोनमध्ये दिसला. मधल्या काळात काय बदललं? मुख्य बदल असा, की आपण नेमकं काय मोजणार आहोत हे प्रयोग सुरू करण्यापूर्वीच जाहीर नोंदवणं भाग पडलं. त्याआधी कसं चालायचं? भिंतीवर बाण मारायचा आणि तो जिथे लागला तिथे भोवती वर्तुळ काढायचं. झटके कमी झाले नाहीत, पण रक्तदाब उतरलेला दिसला, तर रक्तदाबाची गोष्ट सांगायची. इतर कारणंही थोडीफार असतील. पण २००० पूर्वीचे संशोधक लबाड होते आणि नंतरचे साधू झाले, असं तर नक्कीच नाही. माणसं तीच होती, फक्त वर्तुळ आधी काढावं लागलं.

आता माझा मुद्दा. ‘माझं औषध गुणकारी आहे का’ या प्रश्नात शास्त्रज्ञाचा स्वतःवर भरवसा चालत नाही. मग ‘माझ्या प्रयोगात कोणाला इजा होईल का, आणि झाली तर ती चालण्यासारखी आहे का’ या प्रश्नात तो कसा चालेल? दोन्ही ठिकाणी माणूस तोच, त्याची वर्षानुवर्षांची मेहनत तीच, आणि यश मिळावं ही ओढही तीच. दुसऱ्या प्रश्नात तर चुकीची किंमत तो स्वतः मोजतही नाही.

चाळीस वर्षं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत

‘शास्त्रज्ञांचं गैरवर्तन’ म्हटलं की आपण अंधाऱ्या तळघरातला एखादा वेडा कल्पतो. टस्कीगीची गोष्ट त्याच्या बरोबर उलट आहे.

१९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यात टस्कीगी गावाच्या परिसरात, मेकन काउंटी या जिल्ह्यात, ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. बहुतेक जण दुसऱ्याच्या जमिनी कसणारे गरीब शेतकरी. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. उपचार न केल्यास हा रोग शरीराचं काय करतो, हे शेवटपर्यंत पाहायचं होतं. त्यांना रोगाचं नाव सांगितलं गेलं नाही. तुमचं ‘रक्त खराब’ आहे, एवढंच सांगितलं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं, सिफिलिस बरा होऊ लागला. या माणसांना ते दिलं नाही, कारण दिलं असतं तर अभ्यासच संपला असता.

एक पत्र बघा. पाठीच्या कण्यात सुई खुपसून त्यातलं पाणी काढायचं होतं, निव्वळ तपासणीसाठी. माणसं येणार नाहीत ही भीती होती. म्हणून त्यांना लिहिलं गेलं, की खास मोफत उपचारांची ही तुमची शेवटची संधी आहे, हे लक्षात ठेवा. तपासणीला ‘उपचार’ म्हणण्याची ही युक्ती ज्याने कागदावर उतरवली, तो माणूस घरी बहुधा चांगला बाप असेल. एक परिचारिका या रुग्णांना गाडीतून दवाखान्यात नेत-आणत असे, त्यांची विचारपूस करी, त्यांच्या अंत्यविधींना हजर राही. माया होती. प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं.

आणि यात लपवाछपवी नव्हतीच. पहिला निबंध १९३६ मध्ये छापून आला, पुढेही येत राहिले. हजारो डॉक्टरांच्या नजरेखालून ते गेले असतील. १९६५ मध्ये आयर्विन शॅट्झ या तरुण डॉक्टरने त्यातला एक वाचला, हादरून गेला आणि लेखकांना थोडक्यात पत्र लिहिलं. उपचार उपलब्ध असताना रुग्णांना मरू देणारे डॉक्टर कसे असू शकतात, असा त्याचा सूर होता. त्याला उत्तर आलं नाही. पत्र फाइलला लागलं. पुढे त्याच आरोग्य सेवेतल्या पीटर बक्स्टन या कर्मचाऱ्याने १९६६ आणि १९६८ मध्ये लेखी हरकत घेतली. १९६९ मध्ये तज्ज्ञांची बैठक बसली आणि अभ्यास पुढे चालू ठेवावा असं ठरलं. शेवटी बक्स्टनने माहिती वृत्तसंस्थेपर्यंत पोहोचवली, जुलै १९७२ मध्ये बातमी फुटली आणि चाळीस वर्षांचं काम काही महिन्यांत बंद झालं.

तज्ज्ञांच्या त्या बैठकीवर मी बराच विचार केला आहे. तिथे बसलेल्यांपैकी कोणी मेकन काउंटीतला शेतकरी नव्हता. सगळे एकाच धंद्यातले, एकाच भाषेत बोलणारे. आपलं ते बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कारटं, हा न्याय चालवायला दुष्टपणा लागत नाही. खोलीत फक्त बाळ्याचेच नातेवाईक असले की पुरे.

या प्रकरणानंतर १९७४ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या, माणसांवरच्या संशोधनाला नीतिसमितीची मान्यता लागू लागली.

“पण असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ना?”

ही पहिली हरकत. तिला आकड्यांनी उत्तर देता येतं, काही प्रमाणात. संशोधकांना गुपचूप विचारलेल्या अनेक सर्वेक्षणांचा एकत्रित हिशोब २००९ मध्ये मांडला गेला. माहिती बनवल्याचं किंवा फिरवल्याचं स्वतःबद्दल कबूल करणारे सुमारे २ टक्के निघाले. सहकाऱ्याला तसं करताना पाहिलं आहे का, असं विचारल्यावर आकडा सुमारे १४ टक्क्यांवर गेला. गैरसोयीचे निकाल गाळणं यासारख्या राखाडी गोष्टींची कबुली काही सर्वेक्षणांत एक तृतीयांश लोकांनी दिली. तेव्हा बहुसंख्य प्रामाणिक, हे खरं. पण हा प्रामाणिकपणा कधी निसटेल, हे बाहेरून दिसत नाही, हेही तितकंच खरं.

ऑस्ट्रेलियातले प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांचंच पाहा. १९६१ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ला एक छोटं पत्र लिहिलं: थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणात घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांमध्ये गंभीर व्यंगं दिसत आहेत, इतरांचाही असा अनुभव आहे का? या औषधाने जगभरात हजारो मुलं हात-पाय अपुरे घेऊन जन्माला आली. धोक्याची घंटा वाजवणाऱ्या पहिल्या काही जणांत मॅकब्राइड होते. त्यांचा गौरव झाला, त्यांची स्वतःची संशोधन संस्था उभी राहिली.

वीस वर्षांनी याच मॅकब्राइडनी सशांवरच्या एका प्रयोगाचा निबंध छापला. दुसरं एक औषधही गर्भाला घातक आहे, असं त्यात म्हटलं होतं. त्यांचे कनिष्ठ सहकारी फिल व्हार्डी यांनी तो वाचला, आणि लेखक म्हणून स्वतःचं नाव असलेल्या निबंधातले आकडे त्यांच्या ओळखीचेच नव्हते. सशांची संख्या बदललेली, औषधाच्या मात्रा बदललेल्या. चौकशी झाली, लबाडी सिद्ध झाली आणि १९९३ मध्ये मॅकब्राइड यांचं नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकलं गेलं.

त्यांनी हे पैशासाठी केलं असं मला वाटत नाही. एकदा जगाला वाचवलेल्या माणसाला आपलं नाक बरोबरच वास घेतं, अशी खात्री झाली असावी. पुरावा थोडा मागे पडला, तर त्याला पुढे ढकलायला काय हरकत आहे? चांगुलपणाची हीच अडचण असते. कालचा चांगुलपणा आजची हमी देत नाही, आणि माणसाला स्वतःला तर ती नक्की दिली आहे असं वाटत असतं.

“असिलोमारला शास्त्रज्ञांनी स्वतःच लगाम घातला होता!”

ही हरकत जास्त वजनदार आहे, आणि खरीही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका जीवाचा डीएनए कापून दुसऱ्यात जोडण्याचं तंत्र हाती आलं. यातून एखादा भयंकर जिवाणू तर तयार होणार नाही ना, ही शंका खुद्द शास्त्रज्ञांनाच आली. १९७४ मध्ये पॉल बर्ग आणि सहकाऱ्यांनी जाहीर पत्र लिहून काही प्रयोग थांबवण्याची विनंती केली. लोक थांबले. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमार इथे सुमारे १४० जण जमले आणि कोणता प्रयोग किती बंदोबस्तात करायचा, याचा आराखडा त्यांनी ठरवला. विज्ञानाच्या इतिहासातला हा खरोखर अभिमानाचा प्रसंग आहे.

पण जरा जवळ जाऊन पाहिलं की दोन गोष्टी दिसतात. पहिली: पहिले दिवस वादावादीतच गेले. ‘माझा प्रयोग सुरक्षित आहे, त्याचा धोकादायक’ हाच सूर. मग एका संध्याकाळी काही कायदेतज्ज्ञ बोलले. प्रयोगशाळेतल्या कोणाला संसर्ग झाला तर खटला कोणावर होईल, भरपाई केवढी असेल, हे त्यांनी शांतपणे समजावलं. त्यानंतर सभागृहाचा नूर पालटला, असं तिथे हजर असलेल्यांनीच नंतर सांगितलं आहे. म्हणजे स्वयंशिस्तीच्या या आदर्श उदाहरणातही दाराशी कायदा उभा होताच.

दुसरी: आराखड्याला दात आले ते १९७६ मध्ये, जेव्हा अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेने त्याचे नियम केले. नियम मोडला तर पैसे बंद. १९८० मध्ये मार्टिन क्लाइन या नामवंत डॉक्टरने आपल्या विद्यापीठाची मान्यता नसताना इटली आणि इस्रायलमध्ये जाऊन दोन रुग्णांवर जनुकीय उपचाराचा प्रयत्न केला. त्याचं अनुदान गेलं, विभागप्रमुखपदही गेलं. पाच वर्षांपूर्वीचा असिलोमारचा नैतिक सूर त्याला आडवा आला नव्हता.

त्याच काळात केंब्रिजमध्ये घडलेली गोष्ट कमी लोकांना माहीत असते. हे इंग्लंडमधलं नव्हे, अमेरिकेतलं. हार्वर्डमध्ये अशा प्रयोगांसाठी खास प्रयोगशाळा होणार हे कळल्यावर तिथले महापौर भडकले आणि १९७६ मध्ये नगर परिषदेने प्रयोगांवर तात्पुरती बंदी आणून सामान्य नागरिकांची समिती नेमली. त्यात एक ननही होती आणि इंधनतेलाचा व्यापारीही. यांना डीएनएतलं काय कळणार, म्हणून नावाजलेल्या प्राध्यापकांनी कपाळावर हात मारून घेतला. समितीने काही महिने साक्षी ऐकल्या, प्रश्न विचारले, आणि जादा काळजी घेण्याच्या अटी घालून परवानगी दिली. पुढे ते शहर जैवतंत्रज्ञान कंपन्यांचं माहेरघर झालं. नियम स्पष्ट असलेल्या जागी पैसा गुंतवणं कंपन्यांना सोयीचंच वाटलं.

“नियम होते तिथेही भयंकर घडलंच की”

घडलं. जर्मनीत माणसांवरच्या प्रयोगांसाठी संमती हवी, असे सरकारी निर्देश १९३१ मध्येच निघाले होते. काही वर्षांतच छळछावण्यांमध्ये डॉक्टरांनी कैद्यांवर काय केलं, ते न्यूरेंबर्गच्या खटल्यात २३ आरोपींसमोर वाचून दाखवलं गेलं. त्यांतले २० डॉक्टर होते. निर्देश कागदावर राहिले, कारण ते लागू करणारं राज्यच गुन्हेगार झालं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं तर कुंपणाचा कितीही चांगला नमुना उपयोगाचा नाही.

साधी, कारकुनी पद्धतीची फजितीही होते. २००९ मध्ये अमेरिकी संसदेच्या तपास संस्थेने एक बनावट आराखडा तयार केला. शस्त्रक्रियेनंतर पोटात ओतायचं एक जेल, कंपनी खोटी, डॉक्टर खोटा. तो तीन खासगी नीतिसमित्यांकडे पाठवला. दोघींनी तो झटकून लावला. तिसरीने, कोस्ट नावाच्या कंपनीने, एकमताने मंजूर केला. मंजुरी देण्याचे पैसे मिळत असतील, तर नाही म्हणायला जीभ जड होते. बातमीनंतर ती कंपनी बंद पडली.

आणि २०१८ चं प्रकरण तर ताजं आहे. चीनमधल्या हे ज्यानक्वे या संशोधकाने (‘हे’ हे आडनाव आहे) भ्रूणांमधलं एक जनुक बदललं आणि जुळ्या मुली जन्माला आल्या. एचआयव्हीची लागण होऊ नये, हा हेतू सांगितला गेला. चीनमध्ये त्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं होती. नीतिसमितीचे कागद बनावट असल्याचं न्यायालयाने म्हटलं. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांची कैद आणि ३० लाख युआन दंड झाला. बातमी फुटण्याआधी काही परदेशी शास्त्रज्ञांच्या कानावर ही गोष्ट आली होती. त्यांनी नापसंतीही कळवली, पण खासगीत. कोणाला कळवायचं, हेच ठाऊक नव्हतं, असं त्यांच्यातल्या काहींचं नंतरचं म्हणणं.

या उदाहरणांवरून नियम निरुपयोगी ठरतात असं मला वाटत नाही. कुलूप फोडून चोरी झाली म्हणून कोणी दाराचं कुलूप काढून टाकत नाही. कुलूप कसलं होतं आणि किल्ली कोणाकडे होती, हे मात्र पाहायला हवं. जर्मनीत किल्ली सरकारकडे होती, कोस्टमध्ये गिऱ्हाइकाकडे, आणि तिसऱ्या प्रकरणात किल्ली बनावट होती हे तपासणारं कोणी नव्हतं.

“नियमांच्या कागदांखाली संशोधन गुदमरतं”

ही हरकत मी सगळ्यात गंभीरपणे घेतो, कारण ती बरीचशी खरी आहे.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात अतिदक्षता विभागांसाठी एक पाच कलमी यादी बनवली गेली. शिरेत नळी घालताना हात धुवा, त्वचा जंतुनाशकाने पुसा, गरज संपली की नळी काढा, असं साधं. शंभराहून अधिक विभागांत ती वापरल्यावर नळीमुळे होणारा रक्तसंसर्ग मोठ्या प्रमाणात घटला. २००७ च्या अखेरीस नियामक कार्यालयाने कळवलं, की हे माणसांवरचं संशोधन आहे, संमती घेतलेली नाही, थांबवा. हात धुण्यासाठी संमती! ओरड झाल्यावर काही महिन्यांत ते मागे हटले. पण तेवढा वेळ रुग्णांचं रक्षण करण्यासाठी नेमलेलं कार्यालयच रुग्णांच्या आड आलं होतं.

मग लोक बॅरी मार्शल यांचं उदाहरण देतात. जठराची सूज आणि व्रण जिवाणूमुळे होतात हे कोणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये त्यांनी त्या जिवाणूंचं मिश्रण स्वतःच पिऊन टाकलं. नीतिसमितीला विचारलं नाही, बायकोलाही नाही. आजारी पडले, मुद्दा सिद्ध करायला मदत झाली आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. समितीला विचारलं असतं तर परवानगी मिळाली असती का? शंकाच आहे. पण पेला त्यांनी स्वतः उचलला होता, रुग्णाला दिला नव्हता. माझ्या लेखी सगळा फरक तिथे आहे.

लुई पाश्चर यांचं उदाहरण मात्र इतकं सरळ नाही. १८८५ मध्ये पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्यांनी आपली लस दिली आणि तो जगला. पुढे त्यांच्या खासगी वह्या अभ्यासकांना पाहायला मिळाल्या, तेव्हा दिसलं की मुलावर वापरलेली नेमकी पद्धत कुत्र्यांवर त्यांनी सुचवलं होतं तितकी तपासलेलीच नव्हती. मुलगा जगला म्हणून ही गोष्ट पाठ्यपुस्तकात आली. ज्यांची मुलं दगावली, अशा धाडसी डॉक्टरांची नावं आपल्याला माहीत नाहीत. ‘नियम असते तर हा शोध लागला नसता’ असं म्हणताना आपण फक्त जिंकलेल्या सोडती मोजत असतो.

म्हणून कमी धोक्याच्या कामाला हलका हात आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळ असेल तिथे कडक हात, असा भेद करता यायला हवा. तो करणं किचकट आहे, त्यात चुका होणारच.

जिथे विचारणाराच नाही

जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडाभर फेसबुकने ६,८९,००३ जणांच्या पानावर दिसणाऱ्या मजकुरात फेरफार केला. काहींना आनंदी मजकूर कमी दाखवला, काहींना दुःखी. मग ते स्वतः काय लिहितात, ते मोजलं. भावना संसर्गासारख्या पसरतात का, हे पाहायचं होतं. यातल्या एकालाही विचारलं नव्हतं. खातं उघडताना मान्य केलेल्या अटी हीच संमती, असा दावा होता, आणि ‘संशोधन’ हा शब्द त्या अटींमध्ये प्रयोगानंतर चार महिन्यांनी घातला गेला होता. प्रयोग खासगी कंपनीचा, म्हणून सरकारी अनुदानाचे नियम लागू नाहीत. विद्यापीठातल्या संशोधकांना माहिती आयती मिळाली, म्हणून तिथल्या समितीनेही आपल्या कक्षेबाहेरचं मानलं. कायदा कोणीही मोडला नाही. एवढंच, की पावणेसात लाखांहून अधिक लोक प्रयोगात होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

सरकारी पैशावर जगणारं संशोधन अनुदानाच्या दोरीने बांधता येत होतं. आता मोठं संशोधन कंपन्यांच्या पैशावर चालतं, आणि ती दोरी तिथे पोहोचत नाही. मार्च २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या अनेक जाणकारांनी सर्वांत शक्तिशाली प्रणालींचं प्रशिक्षण सहा महिने थांबवा, असं जाहीर पत्र काढलं. १९७४ च्या पत्राची आठवण यावी असंच. या वेळी कोणतीही मोठी कंपनी थांबली नाही. मी थांबलो आणि तो नाही थांबला तर बाजार त्याचा, हे गणित बर्ग यांच्या पिढीसमोर या तीव्रतेने नव्हतं. युरोपीय संघाने या क्षेत्रासाठी केलेला कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला. त्यातली कलमं टप्प्याटप्प्याने लागू होण्याची तरतूद आहे.

आता आरशातल्या जिवाणूंकडे परत येतो. बातम्यांचे मथळे धोक्यावर होते. मला त्या लेखातली शिफारस जास्त बोलकी वाटली. ‘आम्ही हे करणार नाही, आमच्यावर सोपवा’ असं त्या ३८ जणांनी म्हटलेलं नाही. हे जिवाणू घातक नाहीत असा ठोस पुरावा पुढे येईपर्यंत ते बनवण्याच्या उद्देशाने होणाऱ्या संशोधनाला परवानगी देऊ नये, आणि अनुदान देणाऱ्यांनी त्यासाठी पैसे देणार नाही हे स्पष्ट करावं, असं त्यांनी लिहिलं आहे. अडामाला यांनी स्वतःचं काम त्याआधीच थांबवलं होतं. तरीही त्यांची सही या मागणीखाली आहे.